पेटीत सापडलेली पलटणी चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडं चार घरं सोडून पाचव्या घरात माळ्यावर काळी लोखंडी पेटी असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव, नंबर, पलटण. कधीतरी रंगकाम निघतं, पेटी खाली येते आणि पेन्शनच्या कागदांखाली एखादी वही सापडते. वहीत चित्रं, आणि तीही गमतीची. मग "सर, जरा येऊन बघता का?" असा फोन येतो. मी चित्रकला शिकवतो, या चित्रांचा नादही आहे, त्यामुळं जातो. शंका बहुतेक ठिकाणी त्याच निघतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत.

जवानांची गमतीची चित्रं म्हणजे नेमकी कुठली?

लढाईवर असलेल्या किंवा तिथून नुकत्याच परतलेल्या शिपायानं स्वतःच्या हातानं काढलेली. वहीत, पत्रामागं, खंदकाच्या भिंतीवर, सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या पुठ्ठ्यावर, मिळेल त्यावर. पेपरच्या कचेरीत पंख्याखाली बसून काढलेलं युद्धाचं व्यंगचित्र वेगळं. त्यात शत्रूचा पुढारी डुक्कर होतो, साप होतो, आठ हातांचा राक्षस होतो. शिपायाच्या चित्रात शत्रू सहसा नसतोच. चिखल असतो, उवा असतात, पाणचट डाळ, भिजलेले बूट, न आलेलं पत्र आणि कडक इस्त्रीतला साहेब असतो. कुणी चित्र पुढं ठेवलं की मी आधी हेच बघतो: टर कुणाची उडवली आहे?

पण समोर शत्रू असताना त्याची टर का उडवत नाहीत?

कारण रोज छळणारा शत्रू नसतो. तो पलीकडच्या खंदकात असतो, महिनोन्‌महिने तोंडही दिसत नाही. पहाटे हजेरीला उभं करणारा सुभेदार मात्र रोज दिसतो. पाऊस रोज दिसतो. शिवाय पलीकडचाही असाच चिखलात बसलाय, त्यालाही घरचं पत्र आलेलं नाही, हे आघाडीवरच्या माणसाला फार लवकर कळतं. पुण्यामुंबईत बसून पेपर वाचणाऱ्याला ते कळायला वेळ लागतो.

याचा नमुना हवा असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या बिल मॉल्डिन या अमेरिकन सार्जंटचं एक चित्र बघा. खाली छापलेली ओळ बातमीच्या थाटाची: ताजेतवाने, विजयानं फुललेले आपले सैनिक भुकेल्या, फाटक्या, थकलेल्या कैद्यांना घेऊन येत आहेत. वर चित्रात धो धो पाऊस, आणि त्यातून माना खाली घालून चाललेली माणसं. कैदी कुठला आणि राखणदार कुठला, ओळखू येत नाही; दोघं सारखेच फाटके, सारखेच थकलेले. चिमटा बसला आहे तो गोडगोड बातमी लिहिणाऱ्याला. या चित्राचा उल्लेख करून मॉल्डिनला १९४५ साली पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं. वय होतं २३.

सगळ्यांत गाजलेला शिपाई-चित्रकार कोण?

पहिल्या महायुद्धात ब्रूस बेर्न्सफादर. जन्म १८८७ चा, आणि जन्मगाव मरी, म्हणजे रावळपिंडीजवळचं थंड हवेचं ठिकाण. तेव्हा अर्थातच हिंदुस्थानात. पुढं तो ब्रिटिश सैन्याच्या रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये मशिनगनवरचा अधिकारी झाला आणि १९१४ च्या हिवाळ्यात बेल्जियमच्या चिखलात जाऊन पडला. मोडक्या घरांच्या भिंतींवर कोळशानं सोबत्यांची चित्रं काढायला त्यानं तिथंच सुरुवात केली. त्या नाताळला दोन्हीकडचे शिपाई आपणहून खंदकाबाहेर आले, त्यात हाही होता. खिशातली तार कापायची कात्री काढून त्यानं एका जर्मन अधिकाऱ्याच्या कोटाची दोन बटणं कापून घेतली आणि बदल्यात स्वतःची दोन दिली.

१९१५ मध्ये ईपरच्या दुसऱ्या लढाईत तो जखमी झाला आणि मायदेशी आला. त्याची चित्रं 'बायस्टँडर' साप्ताहिकात छापून यायला लागली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं एक चित्र तर घराघरांत पोचलं. रात्रीची वेळ, चहूकडं तोफगोळे फुटताहेत आणि दोन शिपाई एका खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडालेत. त्यातला म्हातारा वैतागून दुसऱ्याला म्हणतो त्याचा भावार्थ असा: याच्यापेक्षा चांगला खड्डा माहीत असेल तर जा की तिकडं! हा म्हातारा म्हणजे 'ओल्ड बिल'. झुपकेदार मिशा, तोंडात पाइप, डोक्याला कानटोपी आणि चेहऱ्यावर कायमचा कंटाळा. आपल्या पारावर बसणाऱ्या एखाद्या रिटायर हवालदारासारखा. मला तरी तो परका वाटत नाही.

वरचे साहेब चिडायचे नाहीत का?

चिडायचे की! ब्रिटिश सैनिक असा गबाळा, मिशाळ, कुरकुऱ्या दाखवावा हे बेर्न्सफादरच्या वरिष्ठांतल्या पुष्कळांना सुरुवातीला रुचलं नव्हतं. पण खंदकातली पोरं ती चित्रं कापून भिंतीला लावताहेत, घरी पाठवताहेत हे दिसल्यावर सैन्यानं त्यालाच अधिकृत व्यंगचित्रकार नेमलं आणि मित्रराष्ट्रांच्या पलटणींची चित्रं काढायला पाठवलं.

मॉल्डिनचा किस्सा याहून तिखट. विली आणि ज्यो अशी त्याची दोन पात्रं. दोघंही दाढी वाढलेले, कपडे मळके, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सैनिकांच्याच 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या वर्तमानपत्रात ती छापून यायची. जनरल पॅटन म्हणजे टापटिपीचा भोक्ता. त्याच्या फौजेत गळ्यात टाय नसला तरी दंड व्हायचा. १९४५ च्या मार्चमध्ये त्यानं या पोरगेल्या सार्जंटला समोर बोलावून चांगलं फैलावर घेतलं. असली चित्रं छापलीत तर माझ्या तिसऱ्या सैन्यात तुमचा पेपर येऊ देणार नाही, अशी धमकीही दिली होती. पण सरसेनापती आयझेनहॉवरनं मॉल्डिनची पाठराखण केली. विली-ज्योची दाढी शेवटपर्यंत झाली नाही.

अधिकाऱ्यांवरचं त्याचं माझं आवडतं चित्र: दोन साहेब डोंगरावर उभे राहून सूर्यास्त बघताहेत. एक दुसऱ्याला विचारतो, फारच सुंदर देखावा आहे, साध्या शिपायांसाठीही असाच एखादा ठेवलाय का? याच्यावर सातारच्या कुठल्याही माजी सैनिकाला हसू येतं, समजावून सांगावं लागत नाही. मी कितीदा तरी करून पाहिलंय.

आपल्या मराठी जवानांनी काढलीत का अशी चित्रं? की हे सगळं गोऱ्यांचंच कौतुक?

हा प्रश्न जरा घुश्शात येतो, आणि तो रास्तच आहे. १९१४ च्या शरद ऋतूपासून १९१५ च्या अखेरपर्यंत हिंदी पायदळ फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर होतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मॉल्डिन चिखल तुडवत होता तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरंही तोच चिखल तुडवत होती. १० जुलै १९४४ ला नायक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो इटलीतच. मग विनोद काय एकाच बाजूला होता?

मुळीच नाही. आपल्याकडचा विनोद कागदावर कमी उतरला एवढंच. पहिल्या महायुद्धात आपल्यातले बरेच शिपाई निरक्षर. पत्र लिहायचं तर लिहिता येणाऱ्या सोबत्याला गाठायचं, तो चार ओळी खरडणार. शिवाय फ्रान्समधून जाणारी पत्रं सेन्सॉर उघडून बघायचा. त्याला चकवायलाही डोकं लढवलेलं दिसतं. काही पत्रांत 'काळी मिरी' आणि 'लाल मिरची' असे शब्द येतात. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, असं घरी कळवायचं. वाचणाऱ्या साहेबाला वाटावं स्वयंपाकाचं चाललंय. अर्थ असा की हिंदी शिपाई मारले जाताहेत, आता गोरे पुढं घालताहेत. हसू येतं आणि पुढच्या क्षणी अंगावर काटा येतो. माझ्या लेखी हे चित्रच आहे, पेन्सिलीशिवाय काढलेलं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत शिकलेली पोरं भरती व्हायला लागली होती. सैनिकांसाठी 'फौजी अखबार' निघायचा. तो १९०९ साली सुरू झाला आणि १९५४ पासून 'सैनिक समाचार' या नावानं चालतो, मराठीतही निघतो. इकडं घराघरांत व्यंगचित्र पोचवायचं काम १९२० साली सुरू झालेलं किर्लोस्करवाडीचं मासिक करत होतं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. म्हणजे १९४० च्या सुमारास पलटणीत गेलेल्या सांगलीकडच्या एखाद्या पोरानं व्यंगचित्र पाहिलेलं असणं सहज शक्य होतं. त्यानं काढलेलं मात्र छापखान्यात गेलं नाही, पेटीत गेलं.

असं एखादं चित्र सांगा ना.

कोरेगाव तालुक्यातल्या एका घरातली वही सांगतो. घरच्यांनी नाव घालू नका म्हटलंय, ते घालत नाही. वही हाताच्या पंजाएवढी, कोपरे उंदरानं खाल्लेले, आणि चित्रं कॉपिंग पेन्सिलीची. ही पेन्सिल कोरडी असताना करडी उठते, ओल लागली की जांभळी होते. आजोबा टोक जिभेला लावून लिहीत असणार, कारण प्रत्येक चित्रात दोनचार रेघा अचानक गडद जांभळ्या आहेत.

एका पानावर लंगरमधलं, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातलं भलं मोठं पातेलं. काठावर लांगरी, म्हणजे आचारी, उभा, हातात वल्ह्याएवढी पळी. एका जवानाच्या कमरेला दोर बांधून त्याला पातेल्यात सोडलाय, आणि वर दोघं दोर धरून उभे. खाली लिहिलंय: "डाळ घावली तर शिट्टी मारतो." दुसऱ्या पानावर सुभेदार साहेब. साहेब चार बोटांचे आणि मिशा पानभर. मिशीच्या एका टोकाला एक जवान, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मिशीवर वर्दी वाळत घातलेली. तिसऱ्यात गुडघाभर पाण्यानं भरलेला मोर्चा, म्हणजे खंदक, आणि संतरी गळ टाकून बसलाय. खाली: "सरकार पगार देत नाय पन मासं देतंय."

सुभेदाराची वळकटी मात्र बघा, किती निगुतीनं काढली आहे. पट्टे, बक्कल, गाठ, सगळं जिथल्या तिथं. चेष्टा मिशीची केली पण सामानात चूक ठेवली नाही. शिस्त हातातसुद्धा मुरलेली.

आमच्या आजोबांना चित्रकला येत नव्हती. नुसत्या काड्यांची माणसं आहेत. ठेवायची का?

ठेवायची! काडीमाणसं तर आधी ठेवायची. ज्याला हात आहे तो पेपरातलं बघून तसं काढायला जातो. ज्याला येत नाही तो दिसलं तसं काढतो. जावळीला घाटाखालच्या एका घरात मी एक चित्र पाहिलं: दहा काड्या एका रांगेत आणि अकरावी काडी आडवी. खाली एकच शब्द, "रगडा". पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, लावून मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्यातला एकजण चक्कर येऊन पडला, एवढी सगळी गोष्ट अकरा रेघांत आली. मॉल्डिनच्या तोडीचं आहे, आणि हे मी घरच्यांना बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

ज्या गावात हुतात्म्यांच्या नावाचा दगड आहे, तिथं लढाईवर हसायचं म्हणजे जरा…

साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. गावाच्या नावापुढंच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. तिथं बसून गमतीच्या चित्रांबद्दल बोलताना जीभ जड होते, हे खरं. पण दगडापाशी बसलेल्या म्हाताऱ्या फौजींचं बोलणं ऐका. लढाईचं बोलता बोलता पाच मिनिटांत लांगरीवर येतात, मग साहेबाच्या घोड्यावर किंवा जीपवर येतात, आणि खो खो हसतात. त्यांना कुणी विचारायला जात नाही, हसणं बरं दिसतं का म्हणून.

माझं मत विचाराल तर हसायचा पहिला हक्क चिखलात उभा राहिला त्याचा. त्यानं डाळीची, मरणाची, स्वतःच्या पलटणीची कशाचीही चेष्टा करावी. घरात सोफ्यावर बसून लढाईवरचे विनोद मोबाइलवर पुढं ढकलणारे मला चालत नाहीत, पण तो माझा खाक्या.

सगळ्याच ठिकाणी विनोद फुलला असंही नाही. मेसोपोटेमियातल्या कूतचा वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा चालला. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. अन्न संपलं, घोडे कापायची वेळ आली, आणि हिंदी शिपायांतल्या अनेकांनी धर्मापायी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं. शरणागतीनंतर वाळवंटातून चालवत नेताना, कैदेत, हजारो मेले. कूतला आजोबा-पणजोबा होते अशा घरात गेलो की मी चित्रांचा विषय आपणहून काढत नाही.

याच्या उलटं उदाहरण रोनाल्ड सर्ल या इंग्रज तरुणाचं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला. त्याच वेळी हजारो हिंदी जवानही कैद झाले. चांगीचा तुरुंग, मग सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचं जीवघेणं काम. चित्रं काढताना सापडला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. हा चित्रं लपवायचा कॉलऱ्यानं मरत असलेल्या सोबत्यांच्या गाद्यांखाली. पहारेकरी तिकडं फिरकत नसत. त्यातली शेकडो वाचली, आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. त्यांतली पुष्कळशी मुळीच गमतीची नाहीत. पुढं हाच माणूस विनोदी चित्रांसाठी जगभर ओळखला गेला.

काढायचे कशानं? रंग-कागद कुठून मिळायचा?

मिळायचा नाहीच. १९१५ च्या अखेरीस तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांकडून मजकूर आणि चित्रं मागवून 'द अँझॅक बुक' तयार झालं, संपादक चार्ल्स बीन. तिथं चित्रांसाठी जखमेला आयोडीन लावायचे ब्रश वापरले, कचेरीतल्या लाल-निळ्या पेन्सिली वापरल्या, आणि कागद पलटणीच्या दप्तरातला, त्यातल्या त्यात पांढरा. डेव्हिड बार्करचं त्यातलं चित्र लाल-निळ्या पेन्सिलीचंच: दाढी वाढलेला, पट्ट्या गुंडाळलेला एक फाटका शिपाई. 'उतरलो त्या दिवसापासून इथंच आहे' अशा अर्थाची त्याखाली ओळ. बाकी काही नाही.

आपल्याकडं सापडतं ते कॉपिंग पेन्सिल, दौतीची शाई, क्वचित कोळसा. रेशनच्या पावत्यांच्या मागं काढलेलं बरंच असतं, तेव्हा पावती म्हणून फेकू नका.

भिंतीवरून डोकावणारं ते लांब नाकाचं टकलं डोकं कोण?

अमेरिकन शिपायांचा 'किलरॉय', इंग्रजांचा 'चॅड'. दुसऱ्या महायुद्धात जिथं फौज गेली तिथल्या भिंतीवर तो उमटला. चॅड कायम तक्रार करायचा, काय, चहा नाही? काय, साखर नाही? तुमच्या वहीत असं डोकं असेल तर आजोबांच्या शेजारी गोऱ्यांची पलटण होती असं धरायला हरकत नाही.

चित्र खरंच त्या काळचं आहे हे कसं ओळखायचं?

बॉलपेन आधी बघा. १९१६ चं चित्र बॉलपेननं काढलेलं असूच शकत नाही. ते पेन बाजारात आलं तेच १९४० च्या दशकात, आणि आपल्या खेड्यांत पोचायला आणखी वेळ गेला. मग डोकं बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बाजूला पोलादी शिरस्त्राण सर्रास आलं ते १९१६ पासून. १९१४ च्या म्हणून दाखवलेल्या चित्रात सगळ्यांच्या डोक्यावर पोलाद असेल तर चित्र नंतर आठवणीतून काढलंय. बिल्ल्यावर मुकुट आहे की सिंह? २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट गेला.

माझी आवडती खूण हुद्द्याची. खाली 'जमादार साहेब' लिहिलं असेल तर चित्र १९६५ च्या आधीचं असायला जागा आहे, कारण त्या साली भारतीय सैन्यात जमादाराचा नायब सुभेदार झाला. अर्थात म्हातारी माणसं नंतरही जमादारच म्हणायची, त्यामुळं याच्यावर पैज लावू नका. पाकीट असेल तर फील्ड पोस्ट ऑफिसचा आणि सेन्सॉरचा शिक्का शोधा. चित्रापेक्षा पाकीटच जास्त बोलतं कधी कधी.

घरात सांभाळायची कशी? आमच्याकडं पाऊस म्हणजे चार महिने भिंतीला पाझर.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्यांना हा खरा त्रास. लोखंडी पेटीला आतून घाम येतो, गंज सुटतो, कागदाला डाग पडतात. वही पेटीतून काढा. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घाला, मोठ्या गावातल्या चित्रकला साहित्याच्या दुकानात विचारलं तर मिळतो. पाकीट पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कपाटाच्या मधल्या फळीवर, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, जमिनीवर तर नकोच. पावसाळा सरला की एकदा उघडून कसर लागली का बघा. डांबरगोळ्या कागदाला चिकटू देऊ नका. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा चट्टा राहतो.

आणि कॉपिंग पेन्सिलीच्या चित्रावर ओलं फडकं कधीही फिरवू नका. जांभळा रंग पसरला की गेलं. एका घरी सुनेनं बिचारीनं चांगल्या मनानं पुसून ठेवलं होतं. सुभेदाराच्या जागी आता जांभळं ढग आहे.

लॅमिनेशन करून घेऊ का?

नको.

का नको? दुकानदार म्हणतो शंभर वर्षं टिकेल.

उष्णतेनं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, परत निघत नाही, आणि आत कागद आपल्या गतीनं खराब होत राहतो. मूळ तसंच ठेवा, त्याची रंगीत प्रत काढून प्रत लॅमिनेट करा, फ्रेम करा, देवघराशेजारी लावा. कडक उन्हाच्या भिंतीवर मूळ चित्र लावू नका, एवढं पाळा.

पुरात भिजलेली वही आहे. काही होईल का?

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सांगली, मिरज आणि पलूसकडून ही विचारणा बरीच झाली. वाळून चिकटलेली पानं स्वतः सोडवायला जाऊ नका. मोठ्या ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत कागद दुरुस्त करणारी माणसं असतात, त्यांना दाखवा. पुन्हा कधी पाणी शिरलंच तर हे लक्षात ठेवा: उन्हात टाकायचं नाही, इस्त्री फिरवायची नाही. पानं सुटी होत असतील तर मधे टीपकागद घालून पंख्याखाली सावलीत वाळवा, टीपकागद बदलत राहा. दोन दिवसांत उरकणार नसेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. गोठली की बुरशी थांबते, चित्र जागेवर राहतं, आणि तुम्हाला चिखल उपसायला सवड मिळते. मटारच्या पिशवीशेजारी आजोबांची वही बघून घरात बोलणी बसतील, ती खा.

विकली तर किती येतील?

भाव मी सांगत नाही. विकायचंच असेल तर वही फाडून सुटी पानं विकू नका, एवढीच विनंती. दान द्यायचं असेल तर पलटणीच्या केंद्राला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे. पत्ता, पद्धत वगैरे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. देण्याआधी स्वतःसाठी पूर्ण वहीची प्रत काढून ठेवा आणि दिल्याची पोच घ्या.

छापायला, प्रदर्शनात लावायला कुणाची परवानगी लागते?

भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. आजोबा १९९० साली गेले असतील तर हक्क अजून वारसांचा, सगळ्या वारसांचा. वही ज्याच्या माळ्यावर आहे तो एकटा मालक, असं कायदा म्हणत नाही. भाऊबंदकी तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा चुलत्यांना आधी विचारा.

माझा मुलगा सध्या फौजेत आहे, झकास चित्रं काढतो. नेटवर टाकू का?

त्याला न विचारता अजिबात नाही. सैन्याचे याबाबतचे नियम कडक आहेत, आणि चित्रातसुद्धा मागं डोंगर, चौकी, गाडीचा नंबर येऊन जातो. तो युनिटमध्ये विचारेल. तोवर त्याला एक चांगली वही आणि दोन मऊ पेन्सिली पाठवा.

मुलांना ही चित्रं दाखवावीत का?

जरूर. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये (१९६१ ची, देशातली पहिली) शिकणाऱ्या पोरांनाच नाही, कुणालाही. मात्र आधी चित्र दाखवा, गोष्ट नंतर सांगा. मॉल्डिनचं एक बिनशब्दांचं चित्र मी वर्गात हमखास दाखवतो. घोडदळातला जुना सार्जंट, त्याच्या जीपचं चाक मोडून पडलंय. एका हातानं डोळे झाकून, दुसऱ्या हातानं पिस्तूल जीपच्या बॉनेटवर रोखलंय, जखमी घोड्याला सोडवायचं तसं. पहिल्या बाकावरची हसतात. घरी बैलजोडी असलेलं पोरगं मात्र जरा थांबून हसतं. औंधचं श्री भवानी संग्रहालय जवळ असेल तर सहलीला तिकडंही न्या. पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं बघून डोळ्याला रेघ बघायची सवय लागते.

चित्रांचे फोटो तुम्हाला पाठवायचे आहेत. कसे काढू?

दिवसा, खिडकीजवळ, ऊन थेट न पडता. फ्लॅश बंद. वही सपाट जमिनीवर ठेवून बरोबर वरून, तिरपा फोटो नको. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. कोरी वाटणारी पानंही घ्या, कारण पेन्सिलीचे वळ फोटोत कधी कधी दिसतात. प्रत्येक चित्राची मागची बाजू वेगळी काढा. नाव, नंबर, गाव, उधारीचा हिशोब, जे असेल ते तिथंच असतं. आणि घरात त्या काळचं बोलणारी आजी असेल तर फोटो काढताना तिला शेजारी बसवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा. "हा मिशावाला कोण गं?" एवढं विचारा आणि मधे बोलू नका.